मुंगीचे दाणे

२ फेब्रुवारी

दोन वर्षांपूर्वी लाँड्रीतलं काम सुटलं तेव्हा मुलाने ही जाड वही आणून दिली होती. म्हणाला, "आई, दिवसभर बडबडतेस ते यात उतरव, म्हणजे आमचे कान वाचतील." मी चौथी पास. पहिल्या पानावर नाव घातलं आणि वही गादीखाली सारली. आज काढली, कारण आज जे ऐकलं ते कुणाला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही. आणि ऐकलंही पोटाबद्दलच.

माझी नात पंधरा महिन्यांची. आम्ही तिला मुंगी म्हणतो. सारखी खा खा करते आणि अंगाला काही लागत नाही. मोठ्यांच्या ताटावर झडप घालते, वाटी चाटूनपुसून लख्ख करते, तरी दंड माझ्या अंगठ्याएवढे. आणि तिची शी! लिहू नये, पण लिहिते, वही माझी आहे. तेलकट, पाण्यावर तरंगणारी, दिवसातून सात-आठ वेळा, आणि वास असा की शेजारी खिडकी लावून घेतात. पस्तीस वर्षं लोकांचे कपडे धुतले, कसायाचे एप्रन धुतले, दवाखान्याच्या चादरी धुतल्या, पण तिच्या दुपट्यावरचा डाग मला हटला नाही. जिन्यात भेटणारी एक बाई म्हणाली, "आजीच खाते वाटतं नातीच्या वाटणीचं!" मीही हसले. दार लावल्यावर हसू गेलं.

आज पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचे कागद समोर ठेवले. मी आणि सूनबाई दोघी होतो. भिंतीवर माणसाच्या पोटाचं रंगीत चित्र. त्यावर काठी ठेवून बाई म्हणाल्या, "आजी, गिळलं म्हणजे आत गेलं असं नसतं. तोंडापासून खालपर्यंत ही एक लांबलचक नळी. नळीत आहे तोवर अन्न बाहेरच आहे असं समजा."

"पोटातलं बाहेर कसं हो?"

"आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाईल तेव्हा ते आत. आणि त्या भिंतीतून बटाट्याचा कण जात नाही, अंड्याचा जात नाही. आधी त्यांचे तुकडे व्हायला हवेत, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. ते तुकडे करतात पाचक रसातली एन्झाइमं. पुस्तकात विकर म्हणतात."

बटाटा म्हणजे म्हणे साखरेच्या मण्यांची माळ. माळ तोडणारं एन्झाइम वेगळं, लोणी फोडणारं वेगळं, अंड्याचे-मांसाचे तुकडे करणारं वेगळं. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा वीतभर अवयव आहे, तो हे रस करतो. आमच्या मुंगीचं स्वादुपिंड जन्मापासून ते करतच नाही.

"म्हणजे पोरीकडे कापड आहे, कात्री नाही," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी काठी खाली ठेवली. "मी उद्यापासून असंच सांगणार सगळ्यांना."

मग मी विचारलं, की हे एन्झाइम म्हणजे कपड्याच्या पावडरीत असतं तेच का? आमच्या लाँड्रीत डाग खाणारी पावडर यायची, खोक्यावर लिहिलेलं असायचं. बाई म्हणाल्या, त्याच जातीचं. मला तर गावातलं माणूस परक्या ठिकाणी भेटल्यासारखं झालं.

औषध आहे. कॅप्सूल मिळतात, त्यांत मोहरीएवढे दाणे, दाण्यांत ते पाचक रस. प्रत्येक खाण्याबरोबर द्यायचे, कदाचित जन्मभर. कसे द्यायचे ते नर्सबाई सूनबाईला शिकवत होत्या तेव्हा मुंगीने भोकाड पसरलं, म्हणून मी तिला घेऊन व्हरांड्यात फिरत होते.

निघताना डॉक्टरीणबाईंनी एक तारीख दिली. आज वजन सहा किलो नऊशे. सोळा मार्चला साडेसात किलो झालं पाहिजे. नाही झालं तर नाकातून पोटात नळी घालून रात्रंदिवस अन्न सोडायचं. सूनबाईने मान हलवली. बसमध्ये तिने मुंगीच्या नाकावरून इतक्यांदा बोट फिरवलं की मुंगीला वाटलं खेळ चाललाय.

३ फेब्रुवारी

काल हेही सांगितलं होतं की तोंडातल्या थुंकीतसुद्धा माळ तोडणारं एन्झाइम असतं. पाव खूप वेळ चावला तर गोड लागतो. सकाळी मी घड्याळ समोर ठेवून पावाचा तुकडा चावत बसले. एक मिनिट, दोन मिनिटं. मुलगा कामावर निघाला होता. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने विचारलं, "आई, डबा कुठाय?" मी हातानेच दाखवला. "आई, दात दुखतोय का?" मी मान हलवली. "मग बोलत का नाहीस?" मग सूनबाईला हाक मारली, "अगं, आई बोलत नाहीये, बघ गं काय झालं!"

आणि तेवढ्यात आला गोडवा. जिभेच्या कडेने, हळूच. साखर घातली नाही, काही नाही. अडुसष्ट वर्षं मी पाव गिळत होते आणि माझ्या तोंडात हे चाललं होतं, मला न विचारता.

९ फेब्रुवारी

सात किलो ऐंशी ग्रॅम! एका आठवड्यात!

सूनबाईने आठवडाभर रजा काढून स्वतः दाणे दिले. चमचाभर आंबटगोड सफरचंदाच्या गरात चार दाणे टेकवायचे, भरवायचे, वर पाणी. मुंगी अर्धे थुंकते, सूनबाई परत भरवते. दोघींचे चेहरे लढाईवरून आल्यासारखे. पण काल शी झाली ती बघायला आम्ही तिघं वाकलो. घट्ट, तपकिरी, शहाण्या माणसाची शी. मुलगा म्हणाला, "फोटो काढू का?" सूनबाई म्हणाली, "काढा आणि तुमच्या आत्याला पाठवा." इतकी हसलो की मुंगी घाबरून रडली.

१० फेब्रुवारी

सूनबाई कामावर रुजू झाली. ती पोस्टात पत्रं वेगळी करते, सकाळी सहाला निघते ती संध्याकाळी सातला येते. आता न्याहारी, दुपारचं आणि चारचं खाणं माझ्याकडे. कॅप्सूलची डबी माझ्या हातात देताना ती म्हणाली, "आई, तिला दाणे चावू देऊ नका हं. गिळलेच पाहिजेत."

"नाही देत," मी म्हटलं, "पस्तीस वर्षं पावडर हाताळली आहे मी."

आणि खरंच, हे दाणे असेच भरवायचे हे मला पहिल्यापासून खटकत होतं. लाँड्रीत मालकिणीचा पहिला धडा हाच, की पावडर कपड्यावर कोरडी टाकायची नाही. दाणे राहिले तर नुसते ठिपके पडतात आणि डाग तसाच. आधी बत्त्याने फोडायची, कोमट पाण्यात विरघळवायची, मग कपडा. कोमटच. आमच्या ह्यांनी एकदा घाई करून उकळतं पाणी ओतलं आणि कसायाच्या बारा एप्रनांवर रक्त कायमचं बसलं. देव त्यांना सुखी ठेवो, पण बारा एप्रन मी विसरले नाही.

तेव्हा मी दाणे खलात घालून त्यांचं पीठ केलं आणि कोमट दुधाच्या लापशीत कालवलं. चावायचा प्रश्न नाही, घशात अडकायचं भय नाही. मुंगीने एक दाणासुद्धा थुंकला नाही, थुंकणार कुठून! अशी सुटसुटीत गोष्ट त्या शिकलेल्या लोकांना कशी सुचली नसेल कोण जाणे.

१४ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते डोळ्यांवर विश्वास बसण्यासारखं नाही.

दुपारी बटाटा कुस्करला, लोणी घातलं, दाण्यांचं पीठ कालवलं. चमचा उभा राहील असा घट्ट. तेवढ्यात दारावर गॅसवाला आला. त्याच्याशी पाच मिनिटं बोलले, म्हणजे दहा झाली असतील. परत येऊन बघते तर वाटीत बटाटा नाही. पाणी! चमचा आडवा पडलेला. मी आधी भांड्याला भोक आहे का ते पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं. कुणी काही सांडलं नव्हतं. बोट घालून चाटलं तर गोडसर.

मी खुर्चीवर बसले. बटाट्याची माळ माझ्या डोळ्यांदेखत तुटली होती. ना विस्तव, ना घुसळणं, ना आवाज. जे पोटाच्या अंधारात चालतं, कुणी कधी पाहत नाही, ते माझ्या स्वयंपाकघरात उजेडात झालं. अंगावर काटा आला. देवळात येतो तसा.

मुंगीला ते पाणी चमच्याने पाजलं. म्हटलं, पी बाई. अर्धं काम आजीने वाटीतच करून दिलंय.

१५ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईला बोलावून दाखवलं. ती माझी तीस वर्षांची मैत्रीण, तोंडात कायम दोन टाचण्या. दोन बशा मांडल्या, एकीत नुसता बटाटा, एकीत पीठ घातलेला. ती टाचण्या काढून बघत राहिली.

"काय गं, हे चेटूक करतेस म्हाताऱ्या वयात?"

"चेटूक तुझ्याही पोटात चालतं, रोज तीन वेळा."

"माझ्या पोटात एवढी हुशारी असती तर मी अशी असते का?" असं म्हणून तिने आपल्या कमरेवर हात मारला. मग म्हणाली, "आणि ते पीठ संपत नाही?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते मी सांगितलं, की कात्री कापड कापते, स्वतः संपत नाही. एक माळ तोडली की दुसरीकडे जाते. चिमूटभरात हजारो. शिंपीणबाई म्हणाली, "मला अशी एक कात्री आणून दे."

मग तिने मुंगीला उचलून घेतलं आणि म्हणाली, "हलकीच लागते गं अजून." मी म्हटलं, धीर धर.

२० फेब्रुवारी

मुंगीचं तोंड आलंय. ओठांच्या कडा लाल, जिभेवर फोड. उष्णता असेल. बूडही लाल झालंय, हात लावू देत नाही. शी परत पातळ. दात येत असतील. दात येताना मुलं अशीच होतात, माझ्या मुलाने तर शेजारणीची उशी फाडली होती.

खायला मात्र मागते. मागते आणि पहिल्या घासाला रडते. भूक आहे आणि तोंड पेटतंय, काय करावं लेकराने.

२३ फेब्रुवारी

सहा किलो नऊशे नव्वद.

म्हणजे कमावलेलं गेलं. नर्सबाईंनी तिला दोनदा काट्यावर ठेवलं, तिसऱ्यांदा काटाच बदलला. डॉक्टरीणबाई मोठ्या कामात होत्या, त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांनी पाहिलं. म्हणाले, औषध दुप्पट करू, आणि नळीची तयारी ठेवा. "देताय ना नियमाने?" मी म्हटलं, "एक वेळ चुकली नाही." खरंच चुकलेली नाही.

संध्याकाळी सूनबाई पलंगाच्या कडेला बसून होती. पोस्टाचा निळा सदराही काढला नव्हता. म्हणाली, "आई, मी कामावर जायला नको होतं. मी असताना वाढत होती. आईचा हात लागत नाही म्हणून झुरत असेल का हो?"

"असं कुठे असतं?"

"माझं दूधच पहिल्यापासून पातळ होतं. तिकडूनच बिघडलं सगळं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण एक गोष्ट मनात रुतली. ती असताना वाढत होती. हे खरं आहे. मी देते तेव्हा वाढत नाही. माझा हात असा काय वाईट आहे?

२४ फेब्रुवारी

दुप्पट पीठ घातलं. लापशी डोळ्यांदेखत पाणी झाली. मुंगीने वाटी ढकलून दिली.

२६ फेब्रुवारी

सकाळी शिंपीणबाई धावत आली. बोटात सुई घुसून गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या झग्यावर रक्ताचे थेंब पडले होते. म्हणाली, "तुझी ती लाँड्रीची पावडर लाव, उद्या द्यायचाय." मी कोमट पाण्यात भिजवला. अर्धा तास झाला, तासभर झाला, डाग जागचा हलेना. मी म्हटलं, "खरं सांग, आधी काय लावलंस?"

"लिंबू पिळलं फक्त. लिंबाने डाग जातो ना?"

"अगं, लिंबाने माझी पावडर मेली! आंबटात ती जगत नाही."

हे मी बोलले, आणि माझे हात पाण्यातच राहिले.

डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवरच्या चित्रात जठर पिवळं रंगवलेलं होतं. काठी ठेवून म्हणाल्या होत्या, "इथे लिंबाहून आंबट." आणि त्याच्या पुढच्या वळणावर निळा रंग, "इथे खाण्याच्या सोड्यासारखं पाणी मिसळतं, आंबटपणा मरतो, तिथे एन्झाइमं कामाला लागतात." मी तेव्हा मान डोलावली होती. कानांनी ऐकलं, डोक्याने ऐकलं नाही.

शिंपीणबाईला लिंबू धुऊन झगा परत पावडरीत भिजवायला सांगून पाठवलं आणि दार लावलं. मुंगी झोपली होती. तीन बशा मांडल्या. तिन्हींत बटाटा. पहिलीत काही नाही. दुसरीत दाण्यांचं पीठ. तिसरीसाठी पीठ आधी लिंबाच्या रसात कालवलं, थोडं थांबले, मग बटाट्यात मिसळलं. दुसरी बशी पाणी झाली. तिसरी तशीच, ढेकळासारखी. तासभर बसले तिच्यासमोर. चमचा उभा तो उभाच.

म्हणजे वाटीत जे होत होतं तेवढंच. पोटात शिरलं की आंबटाने सगळं पीठ मरत होतं. लोणी, अंडं, दूध, सगळं आलं तसं खाली. आणि तोंडाला लागलेलं पीठ? लाँड्रीत त्या पावडरीने आमच्या बोटांची सालं निघायची. त्याच जातीची मी दिवसातून तीन वेळा, नंतर दुप्पट, पोरीच्या ओठांना लावत होते. उष्णता म्हणे. दात म्हणे.

पण एक प्रश्न राहिलाच होता. दाणे न फोडता दिले तर ते का मरत नाहीत? म्हणून एका पेल्यात लिंबाचा रस घेतला आणि अख्खे दाणे टाकले. अर्धा तास झाला. तसेच गोल, तसेच चकचकीत, जणू काही झालंच नाही. मग चमच्याने काढून ते सोड्याच्या पाण्यात सोडले. नाकावर चष्मा चढवून बसले.

आधी त्यांची चकाकी गेली. मग कडा धूसर झाल्या, जसं धुक्यात माणूस दिसतं. मग एकेक दाणा फुगला, मऊ पडला आणि उलगडला. पाणी गढूळ झालं. त्यातलं दोन चमचे पाणी पहिल्या बशीतल्या बटाट्यात घातलं. दहा मिनिटांत बटाटा वाहायला लागला.

दाण्याला कळतं! आंबटात मिटून बसायचं, तोंड उघडायचं नाही, आणि आपलं ठिकाण आलं की उघडायचं. मोहरीएवढ्या दाण्याला अंगरखा चढवून ज्याने कुणी हे शिकवलं, त्याच्या पायावर डोकं ठेवावं. आणि मी रोज सकाळी उठून खलात घालून तो अंगरखाच फाडत होते.

रडत होते की काय कुणास ठाऊक, पण त्या पेल्यावरून डोळे हलत नव्हते. एवढी सुंदर गोष्ट मी आयुष्यात पाहिली नाही, आणि एवढी वाईट बातमी मला कुणी दिली नाही. दोन्ही एकाच पेल्यात.

२७ फेब्रुवारी

काल संध्याकाळचं लिहिते.

दोघं घरी येईपर्यंत मी बशा आवरल्या नाहीत. सूनबाई आत आली आणि म्हणाली, "आई, हे काय मांडलंय?" मी म्हटलं, "बस. आधी बघ, मग मला काय बोलायचं ते बोल." सगळं दाखवलं. खल दाखवला. पहिल्या दिवसापासूनचं सांगितलं, वाटीतल्या पाण्याचं, ते शिंपीणबाईला मिरवलं त्याचंसुद्धा.

तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "सतरा दिवस, आई."

"हो."

"सतरा दिवस मी तिकडे पत्रं लावताना स्वतःला खात होते. माझं दूध, माझी नोकरी. आणि तुम्ही इकडे..." तिने डबी उचलली, आत गेली, दार लोटलं.

मुलगा म्हणाला, "आई, विचारायचं तरी होतंस एकदा."

"मला वाटलं, मला येतं."

त्याने खल उचलून वरच्या फळीवर ठेवला. दोघांनीही ओरडायला हवं होतं, बरं वाटलं असतं. ओरडली ती मुंगीच, भूक लागली म्हणून. सूनबाई बाहेर आली, अख्खे दाणे गरावर टेकवून भरवले, माझ्याकडे न बघता. मी ताट वाढलं. माझं मीच जेवले.

आज सकाळी तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दाणे फोडायचे नाहीत, औषध पहिल्याइतकंच, आणि सोळा तारखेला या. मला फोन दिला नाही. मीही मागितला नाही.

२ मार्च

सूनबाईने परत रजा काढली होती, ती काल संपली. या दिवसांत मी मुंगीला फक्त खेळवलं, भरवलं नाही. तोंडातले फोड वाळले आहेत. काल पहिल्यांदा रडल्याशिवाय वाटीभर खाल्लं, आणि शी... असो, शी झाली, देवाची कृपा.

सकाळी साडेपाचला मी चहा टाकत होते. सूनबाई सदऱ्याची बटणं लावत आली आणि डबी ओट्यावर ठेवली.

मी म्हटलं, "शिंपीणबाईला सांगू का? ती देईल. तिची नजर बारीक आहे."

"कशाला?" तिने माझ्या कपातलाच चहा घोटभर घेतला, तिची जुनी सवय. "आई, मुंगीला पाळणाघरात ठेवावं म्हणून तिथल्या बाईला मी काल समजावत होते. दाणे का फोडायचे नाहीत, का फोडायचे नाहीत, तीनदा विचारलं तिने. मला नीट सांगता येईना. नुसतं कागदावर लिहिलंय म्हणून मी पाळते. या घरात ते का, हे माहीत असलेलं माणूस तुम्ही एकट्याच."

"अगं पण मी..."

"रागावलेय मी अजून," ती म्हणाली. "ते वेगळं." आणि चपला घालून गेली.

मी डबी हातात घेतली. चार दाणे काढताना एक सांडला तर गुडघ्यांवर बसून शोधला.

१६ मार्च

सात किलो तीनशे चाळीस.

साडेसात नाही. एकशे साठ ग्रॅम कमी. सूनबाईने माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. डॉक्टरीणबाई कागदावर ठिपके जोडत होत्या. एक रेघ वर गेली, खाली आली, आणि तिथून अशी चढली की कागद वाकडा करून बघावा.

"ही खालची मी," मी म्हटलं. "खलातली."

"आणि ही वरचीही तुम्हीच," त्या म्हणाल्या. "मला साडेसात हवं होतं कारण अशी रेघ दिसेल की नाही ठाऊक नव्हतं. रेघ अशी असेल तर नळी नको. महिन्याने या."

सूनबाई उठून खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मुलाने मुंगीला उगाचच उंच उचललं.

मी मात्र डॉक्टरीणबाईंना सोडलं नाही. इतके दिवस एक प्रश्न घोळवत होते. "बाई, ही एन्झाइमं मांस कापतात. मग आपलं स्वादुपिंडही मांसाचंच ना? ते स्वतःलाच का कापत नाही?"

त्यांनी पुढच्या पेशंटची फाइल बाजूला ठेवली. म्हणाल्या, मांस कापणाऱ्या कात्र्या स्वादुपिंड बंद करून पाठवतं, म्यानात घालून. आतड्यात पोचल्या की तिथे म्यान काढणारा वेगळा बसलेला असतो. तोपर्यंत त्या कुणालाच कापू शकत नाहीत. "कॅप्सूलचे दाणे करणाऱ्यांनी निराळी युक्ती काढली, पण हेतू तोच. योग्य जागेपर्यंत मिटलेलं राहायचं."

"हे माझ्याही पोटात?"

"आत्ता, या क्षणी. सकाळी काय खाल्लंत?"

"पाव आणि अंडं."

"मग चाललंय."

मी आपल्या पोटावर हात ठेवून बसले. एवढी वर्षं ह्याला मी रिकामं की भरलं एवढंच विचारलं. आत कुणी म्यान उघडतंय, कुणी माळा तोडतंय, कुणी आंबट सांभाळतंय, आणि मालकिणीला पत्ता नाही. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, बरं वाटत नाही का?" मुलगा म्हणाला, "तिला फार बरं वाटतंय, म्हणून अशी बसलीय."

२२ मार्च

रविवार. मुंगीला मीच आंघोळ घातली. डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला एक काळसर रेघ दिसली. मळाची असेल म्हणून चोळली. जाईना. साबण लावून चोळली, तरी जाईना. दोन बोटांनी ताणली तर नाहीशी झाली, सोडली तर परत आली.

"सूनबाई! अगं ये इकडे, लवकर ये!"

ती पिठाच्या हातांनी धावत आली. "काय झालं? पुरळ आलंय का परत?"

"पुरळ नाही गं. वळी पडलीय! चरबीची वळी!"

ती तिथेच ओल्या फरशीवर बसली. पिठाचं बोट त्या घडीत घातलं, काढलं, परत घातलं. मुंगीला गुदगुल्या झाल्या, तिने लाथ मारून दोघींना भिजवलं.

"हे कुठून आलं?" सूनबाई म्हणाली.

"मंगळवारचं अंडं असेल. नाहीतर तो बटाटा, सोमवारचा."

"आणि लोणी. लोणी मी घातलं होतं जास्त."

"मग लोणीच."

सूनबाईने तिला उलटं करून दुसरी मांडी तपासली. नीट, उजेडात धरून. तिथे अजून काही नव्हतं.

"इकडे नाही, आई."

"येईल," मी म्हटलं. "तू ते पीठ ठेव बाजूला. आज दुपारी हिला काय करायचं ते सांग."